चित्ररथाचं म्युझिक: बेळगावातल्या एका विद्यार्थिनीने घेतलेल्या कामाची पूर्ण केस

कॉलेजात शिकत शिकत संगीत करणारी पोरं आता आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. लॅपटॉप आहे, हेडफोन आहे, मग शाळेचं गौरवगीत, गावच्या साहित्य संमेलनाचं स्वागतगीत, यात्रेतल्या नाटकाचं पार्श्वसंगीत अशी कामं येतच राहतात. आणि माझं स्पष्ट मत असं की ह्यातली निम्मी कामं सुरापायी नाही, तर 'हे आता झालं' असं नक्की कोण म्हणणार हेच ठरलेलं नसतं त्यापायी फिसकटतात. ते कसं होतं आणि कसं टाळता येतं हे खालच्या एका कामात चांगलं दिसतं, म्हणून सविस्तर लिहितोय. मी ह्यात कोण, तर बेळगावच्या शहापूर भागात माझं छोटं मिक्सिंगचं (वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज जुळवून एक फाईल करायचं) काम आहे, फायनल मिक्स माझ्याकडे आलं होतं आणि मंडळातले दोघं-तिघं ओळखीचे, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकायला मिळाल्या. नावं कुणाचीच देत नाही.

मुलगी खानापूर तालुक्यातली, बेळगावात पेइंग गेस्ट राहून बी.कॉम. करते, लहानपणापासून हार्मोनियम, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिलेल्या, आणि लॉकडाऊनमध्ये लॅपटॉपवर ट्रॅक करायला शिकलेली. आधी एक-दोन शाळांची गाणी करून दिलेली, त्यातल्या एका शाळेने श्रीफळ आणि शाल दिली (शाल चांगली होती म्हणे). तिच्याकडे काम आलं ते शहरातल्या एका गल्लीच्या मंडळाकडून, शिवजयंतीच्या सजीव देखाव्याचं.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगायला पाहिजे. बेळगावात मोठी शिवजयंती होते ती जुन्या तिथीप्रमाणे, वैशाख शुद्ध द्वितीयेला, आणि पुढे एक-दोन दिवसांत चित्ररथ मिरवणूक. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा ट्रकवर सेट उभा करतात, गल्लीतलीच पोरं वेशभूषा करून उभी राहतात, आधी रेकॉर्ड केलेले संवाद आणि म्युझिक लावतात आणि चौकाचौकात थांबून तो प्रसंग करून दाखवतात. संध्याकाळी सुरू झालेलं हे पहाटेपर्यंत चालतं, मागेपुढे दुसऱ्या मंडळांचे रथ, झांजपथकं, लेझीम, ढोल. ह्या सगळ्यात आपला ट्रॅक वाजणार असतो हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येतं.

मंडळाने प्रसंग निवडला होता पावनखिंडीचा. १६६० चा जुलै, पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, पावसातल्या रात्री महाराज निसटतात, शिवा काशीद महाराजांच्या वेशात शत्रूच्या हाती लागतो, घोडखिंडीत बाजीप्रभू वाट अडवून उभे राहतात आणि विशाळगडावरून तोफेचा आवाज येईपर्यंत पडत नाहीत. संवाद लिहिले गल्लीतल्याच एका निवृत्त गुरुजींनी, दिग्दर्शनही त्यांचंच. मागणी आली व्हॉट्सअॅपवर, एका ओळीत: 'बारा मिनिटाचं म्युझिक लावून पाहिजे, करून देतीस काय?' आणि खाली एका गाजलेल्या सिनेमाच्या पार्श्वसंगीताची लिंक, 'असंच पाहिजे'.

इथे बहुतेक पोरं 'हो काका' म्हणून कामाला लागतात. हिने लगेच होकारही दिला नाही आणि नकारही नाही, मंडळात जाऊन बसते म्हणाली. गेली तर समोर अध्यक्ष, खजिनदार, गुरुजी, साउंडवाला आणि काही कारण नसताना बसलेले चार-पाच जण. तिने विचारलेले प्रश्न मला फार आवडले. देखावा किती चौकात करणार? रथ चालत असताना काय वाजणार? स्पीकर कुठल्या बाजूला? संवाद कुठे आणि कोण रेकॉर्ड करणार? आणि काम बरोबर झालंय हे मला कोण एकच माणूस सांगणार? शेवटच्या प्रश्नावर सगळे हसले, 'अगं आम्ही सगळे हाओत की'. ती म्हणाली, काका सगळे असतील तर मला नाही जमणार. थोडी कुरबुर झाली पण शेवटी गुरुजींचं नाव ठरलं. त्यांनी ओके म्हटलं की ओके, बाकी सगळ्यांनी काय ते गुरुजींना सांगायचं, तिला थेट फोन करायचा नाही.

मग पैसे. तिने अठरा हजार मागितले. उत्तर ठरलेलंच आलं, 'शिकालीस अजून, नाव होईल तुझं, पाच घे'. आता मंडळाची बाजूही खरी आहे, त्यांच्याकडे पैसे असतात कुठे, वर्गणी जमते शेवटच्या दिवसांत आणि त्यातून आधी जातात ट्रॉली, जनरेटर, साउंड, मंडप, भाड्याची वेशभूषा, मेकअपवाला, कारण ही सगळी माणसं रोख घेतल्याशिवाय हलत नाहीत, आणि संगीतवाली पोरगी गल्लीच्या ओळखीतली म्हणून तिचा नंबर सगळ्यात शेवटी, मिरवणूक झाल्यावर, म्हणजे जेव्हा कुणाला काहीच घाई उरलेली नसते तेव्हा. हे कुणी वाईट मनाने करत नाही, पण होतं असंच. तिने तोडगा काढला तो रकमेपेक्षा वेळेचा होता: बारा हजार, हलगीवाल्यांचे पैसे वेगळे आणि ते मंडळाने थेट त्यांना द्यायचे, आणि बाराचे तीन भाग. पहिले चार ठरल्यावर, दुसरे चार संवादाखाली कच्चं म्युझिक बसवून दिल्यावर, शेवटचे चार फायनल फाईल द्यायच्या आधी. तोपर्यंत जे ऐकायला पाठवणार त्यात दर अर्ध्या मिनिटाला तिच्याच आवाजात 'सॅम्पल' असं येणार. खजिनदारांना हे अपमानासारखं वाटलं. मला नाही वाटत तसं, पेनड्राइव्ह एकदा हातातून गेला की गेला.

लिंकमधल्या म्युझिकचं प्रकरण जरा नाजूक होतं. 'तसंच करून दे, थोडं बदल' हा हुकूम प्रत्येक नव्या संगीतकाराला येतोच. तिने कायदा सांगत बसण्याऐवजी मंडळाच्याच आदल्या वर्षीच्या व्हिडिओची आठवण करून दिली, त्यात सिनेमाचं म्युझिक होतं म्हणून यूट्यूबवर क्लेम (म्युझिकच्या मालकाचा हक्काचा दावा) आला होता आणि अध्यक्षांच्या नातवाने ते सगळ्यांना सांगितलं होतं. विषय तिथेच मिटला. ती म्हणाली, जोर तसाच देते, चाल माझी असेल. आणि तिने पोवाड्याचा बाज धरला, डफ-तुणतुणं, मागे 'जी जी रं जी' ची झील (मागच्यांनी धरायची साथ), ती गल्लीतल्याच पोरांकडून म्हणवून घेतली. सिनेमाच्या शंभर व्हायोलिनांची नक्कल खोलीतल्या लॅपटॉपवर करायला गेलं की ते स्वस्तातलं वाटतं, हे तिला कळत होतं. आमच्याकडच्या बऱ्याच अनुभवी मंडळींना अजून कळत नाही.

आता खरं काम. मला विचाराल तर ह्या केसमधला शिकण्यासारखा भाग हलगीचा आहे. हलगीचा आवाज तयार लायब्ररीत धड मिळत नाही, मिळतो तो डफासारखा काहीतरी. म्हणून जवळच्या गावातले दोन हलगीवादक बोलावले आणि रेकॉर्डिंग ठेवलं गावाकडच्या एका मोकळ्या खळ्यात, कारण हलगी खोलीत वाजवली की भिंतीवरून आवाज असा आपटतो की माइकला काही सुधरत नाही. वादकांनी आल्या आल्या पालापाचोळा पेटवला आणि हलगी शेकायला घेतली, कातडं तापून ताणल्याशिवाय ती बोलत नाही. शेकायची, टिचकी मारून बघायची, परत शेकायची. हिने तोवर माइक बऱ्याच अंतरावर, कातड्याच्या समोर न धरता जरा तिरका लावला आणि गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) इतका खाली ठेवला की स्क्रीनवर रेघ हलते का नाही असं वाटावं. मग पहिला टोल पडला आणि रेघ वरपर्यंत गेली.

अडचण आली ती क्लिकची. लॅपटॉपवर काम करणाऱ्याला सगळं ठरलेल्या टेम्पोत पाहिजे असतं, म्हणून तिने वादकांना हेडफोन दिले, त्यात टिक-टिक. थोरल्या वादकाने दोन आवर्तनं वाजवली आणि हेडफोन काढून ठेवला, 'हे कानात टकटक करालंय, हात चालंना झालाय'. तिने वाद घातला नाही. तुम्ही तुमच्या लयीत वाजवा म्हणाली, आणि पोवाड्याचा मुखडा गुणगुणत समोर उभी राहिली. नंतर मोजलं तर लय सुरुवातीला मिनिटाला १०४ ठोक्यांच्या आसपास आणि शेवटी ११२ ला गेलेली. खिंडीतली लढाई तशीच चढत जायला पाहिजे की! तिने हलगी तशीच ठेवली आणि बाकीची सगळी वाद्यं त्या लयीला चिकटवत बसली. रात्री गेल्या त्यात, पण ट्रॅकमध्ये जो जीव आला तो तिथून.

पालखीचा प्रसंग मात्र बदलावा लागला. भोई पालखी घेऊन पावसात धावतायत, तिथे तिने रूपक ताल घेतला होता, सात मात्रा, जरा अडखळत पळाल्यासारखं, ऐकायला फार छान. तालमीत पोरं ट्रॉलीवर जागेवरच धावायला लागली तेव्हा कळलं की सात मात्रांमुळे दर आवर्तनाला पाय बदलतो, पहिल्या समेला (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला) उजवा असेल तर दुसऱ्या समेला डावा, आणि आठ पोरांचे आठ प्रकार. कुणाला ताल कळत नव्हता पण काहीतरी बिघडतंय हे सगळ्यांना दिसत होतं. केरवा केला, आठ मात्रा, पाय जुळले. तिला वाईट वाटलं, मला विचारलं तर मी म्हटलं रूपक स्वतःच्या कार्यक्रमात वापर, इथे नाचणाऱ्याचा पाय मोठा.

तोफांवरून जे झालं ते तर सांगायलाच पाहिजे. तोफा किती? कुणी म्हणे तीन, कुणी पाच, आणि प्रत्येकाने कुठेतरी वाचलेलं. ग्रुपवर रात्री साडेअकराला वाद पेटला, त्यात तिला टॅग करून करून 'तीन कर', 'पाच ठेव'. तिने एकालाही उत्तर दिलं नाही, सकाळी गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले पाच, कारण बाजी पडायला तेवढा वेळ लागतो, इतिहासाचं भांडण आपण नंतर करू. एक माणूस ठरवून ठेवण्याचा फायदा असा असतो. नाहीतर हे तीन-पाच मिरवणुकीच्या दिवसापर्यंत चाललं असतं आणि प्रत्येक वेळी तिने परत फाईल काढली असती.

तोफेच्या आधी तिने दोन सेकंद पूर्ण शांतता ठेवली होती. हेडफोनवर अंगावर काटा येतो. मी म्हटलं रस्त्यावर चालणार नाही, आणि साउंडवाल्यानेही तेच सांगितलं: मिरवणुकीत आवाज बंद झाला की लोक जनरेटरकडे बघतात. आपल्याला वाटतं शांतता, त्यांना वाटतं लाईट गेली. शिवाय मागच्या मंडळाचा बास त्या दोन सेकंदात सरळ आपल्या खिंडीत घुसतो. मग शांततेच्या जागी शिंगाचा एकच लांब सूर ठेवला, त्याच्यावर तोफा. आणि तोफा मूळ फाईलमध्ये न घालता वेगळ्या बटणावर दिल्या, गुरुजींनी हात वर केला की साउंडवाल्याने दाबायचं. कलाकाराला दम लागलेला असतो, गर्दीत कुणी पडतं, ट्रॉली हलते, मिनिट-सेकंद तिथे कुणाचं ऐकत नाही. मिरवणुकीत एका चौकात साउंडवाला चहा घेत होता आणि आमचे बाजीप्रभू तोफेची वाट बघत चांगले मिनिटभर जखमी अवस्थेत लढले. पब्लिकने टाळ्या जास्त तिथेच वाजवल्या.

मिक्सचं थोडक्यात. ट्रॉलीच्या एका बाजूचे स्पीकर डाव्या फुटपाथला, दुसऱ्या बाजूचे उजव्या, म्हणजे डावं-उजवं वेगळं केलं तर अर्ध्या लोकांना अर्धंच म्युझिक. म्हणून सगळं मोनो, म्हणजे दोन्हीकडे एकच आवाज. बासरी जवळजवळ ऐकूच येणार नव्हती, ती काढून तेच सूर शहनाईवर. संवाद सगळ्यात वर, कारण शब्द कळले नाहीत तर देखावा संपला. संवाद रेकॉर्ड झाले होते तिच्या खोलीत, पंखा बंद, दारावर गादी लावून, आणि सिद्दी जौहरचा आवाज दिला तिच्या वर्गातल्या एका कन्नड बोलणाऱ्या मित्राने, काय खणखणीत बोललाय! त्याचं मराठी ऐकून गुरुजींनी बाकीच्या पोरांना त्याच्याकडे उच्चार शिकायला पाठवतो म्हणून दम दिला. पूर्ण देखावा बारा मिनिटांचा, पण पोलीस 'पुढं घ्या पुढं घ्या' करायला लागले की वेळ नसतो, म्हणून सहा मिनिटांची दुसरी फाईल, आणि रथ चालताना वाजायला गोल फिरणारा वेगळा तुकडा. ही सहा मिनिटांची फाईल तिने कुणी न मागता केली होती आणि रात्री जास्त वेळा वाजली तीच. मिरवणूक पहाटेपर्यंत चालली तरी परवानगीचं वेळापत्रक सांभाळायचं तर रात्री उशिरा सगळं आटोपतं घ्यावं लागतंच, ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकरला मनाई आहे आणि राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकतं.

'जोश नाही' हा शेरा दोनदा आला. पहिल्यांदा अध्यक्षांकडून, गुरुजींमार्फत. तिने एक कागद पाठवला, डाव्या बाजूला मिनिटं, समोर प्रसंग, आणि विनंती की जिथे जोश नाही तिथे टिक करा. कागद परत आला तेव्हा टिक एकच होती, शिवा काशीद पकडला जातो तिथे. तिथे जोश नकोच होता, गुरुजींनी अध्यक्षांना ते समजावलं असावं कारण पुढे विषय निघाला नाही. दुसऱ्यांदा शेरा आला तो एका काकांकडून, त्यांनी मोबाईलच्या स्पीकरवर ऐकलं होतं. त्यांना मंडळात बोलावून मोठ्या स्पीकरवर ऐकवलं, झालं.

आता हक्काचं, कारण पुढे त्याचीच गरज लागली. आपल्याकडे समज असा की पैसे दिले म्हणजे गाणं आपलं. कॉपीराइट अॅक्ट १९५७ प्रमाणे नोकरीत नसलेल्या संगीतकाराने कुणाच्या सांगण्यावरून चाल केली तरी चालीचा पहिला मालक संगीतकारच, आणि तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. लिहिताना मुदत घातली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश घातला नाही तर भारत. गुरुजींच्या संवादांचा हक्क गुरुजींचा. रेकॉर्डिंगचा हक्क अजून तिसराच, ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते करवून घेतलं त्याचा, आणि इथे ते मंडळ का ती ह्यावर भांडण होऊ शकलं असतं. म्हणून तिने एक पान मराठीत लिहिलं होतं, वकिली भाषा नाही: हे म्युझिक मंडळाने त्या वर्षीच्या मिरवणुकीत आणि स्वतःच्या व्हिडिओत वापरायचं, नाव द्यायचं, दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर आधी मला विचारायचं, रेकॉर्डिंग माझं. खाली तिची, अध्यक्षांची आणि गुरुजींची सही. सही करताना अध्यक्ष म्हणाले होते, 'एवढं काय गं, जमीन घ्यालोय काय?'

मिरवणूक झाली आणि थोड्याच दिवसांत तालुक्यातल्या एका गावच्या मंडळाने तोच प्रसंग यात्रेत करायचं ठरवलं, ट्रॅक त्यांच्याकडे आधीच पोचला होता. कसा, तर साउंडवाल्याच्या पेनड्राइव्हमधून, तो दोन्हीकडे साउंड लावतो. तिला कळलं ते गावातल्या मैत्रिणीकडून. ती चिडली, पण फोन केला तो आधी आपल्या मंडळाच्या अध्यक्षांना, पानाचा फोटो पाठवून. आणि इथे मला मंडळाचं कौतुक आहे, अध्यक्षांनी स्वतः त्या गावच्या लोकांशी बोलून घेतलं, पोरीचं काम आहे, फुकट वापरू नका. ते आधी म्हणाले आमचं छोटं गाव, मग तीन हजारावर तयार झाले, त्यातले दोन आले. तिने त्यांना सहा मिनिटांची फाईल नीट करून दिली, त्यांच्या गावाचं नाव झीलमध्ये घालून, कारण त्यांनी विनंती केली आणि पोरं तिथली तयार होती. साउंडवाला मात्र अजून म्हणतो त्यात काय झालं एवढं.

नावाचं म्हणाल तर ट्रॉलीच्या मागच्या फ्लेक्सवर 'संगीत' म्हणून तिचं नाव होतं, साउंडवाल्याच्या मोबाईल नंबरच्या खाली, अर्ध्या आकारात. व्हिडिओत नीट आहे.

शेवटचे चार हजार ठरल्याप्रमाणे फायनल फाईलच्या आधी यायचे होते, आले अडीच. बाकी दीड हजारासाठी तिने फाईल अडवली नाही, मिरवणूक दोन दिवसांवर आली होती आणि आठ पोरं पाय जुळवून बसली होती. मी तिच्या जागी अडवली असती. ते दीड हजार गणपतीत मिळाले, खजिनदारांनी स्वतः आणून दिले, वर प्रसादाचा कुंदा. सध्या मंडळाचं नव्या देखाव्याचं चाललंय आणि त्यांनी पुन्हा तिलाच विचारलंय, पण त्याच सुमारास तिची सेमिस्टरची परीक्षा येतेय, म्हणून तिने सांगून ठेवलंय की रेकॉर्ड केलेले संवाद होळीच्या आत हातात आले तरच काम घेणार. गुरुजी लिहायला बसलेत. तोफा नाहीत ह्यावेळी.